किनगावच्या अलीकडे

"मनुमाय येऊ देत नही मले," एवढं बोलून मावशी गॅरेजच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मे महिन्यातली दुपार होती. फैजपूरला त्या दिवसांत बाराच्या पुढे पाना उन्हात राहिला, तर पुन्हा उचलताना हात भाजतो. त्यांचे यजमान, आबा, बाहेर गाडीपाशी उभे होते. आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांचा हात गाडीच्या टपावर होता. गाडी जुनी, पेट्रोलवरची, पण चांगली ठेवलेली. महिन्याभरात तिसऱ्यांदा ती एकाच जागी बंद पडली होती. फैजपूरहून यावल, पुढे किनगाव, मग आडगावचा फाटा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीचं देऊळ, मावशींची मनुमाय, अशी ती वाट. किनगावच्या अलीकडे रस्त्याला लागून एक कडुनिंब आहे. त्याच्या आसपास आली की गाडी बंद. झटका नाही, आवाज नाही, दिवा विझावा तशी. अर्धा-पाऊण तास थांबलं की आपोआप सुरू व्हायची, पण तोवर मावशींचा धीर सुटलेला असायचा. आबा गाडी माघारी वळवायचे, आणि ऊन उतरल्यावर ती मुकाट घरापर्यंत यायची.

देवीकडे जाताना अडते आणि घराकडे येताना अडत नाही. मावशींना याहून अधिक पुरावा नको होता.

त्यामागे एक नवस होता. चार वर्षांपूर्वी नातवाला कावीळ झाली, पोर पिवळं पडलं, तेव्हा मावशींनी मनुदेवीला लुगडं-चोळी आणि खापरावरच्या मांड्यांचा नैवेद्य बोलला होता. पोर बरं झालं. त्यानंतर जूनच्या वादळात केळीचा उभा बाग आडवा झाला. मग मुलाचं कर्ज, मग आबांचा गुडघा, असं करत नवस मागे पडत गेला. आता पैसे होते, गाडी होती, मांडे करून डब्यात भरले होते, आणि गाडी कडुनिंबाखाली बंद पडत होती. मावशींनी एकवेळ जेवण सोडलं होतं.

मी छत्तीस वर्षं इंजिनं उघडतो आहे. बिघाड कितीही विचित्र असला तरी त्याला कारण असतं, या एका श्रद्धेवर माझा धंदा चालतो. मी देवही मानतो. सकाळी गॅरेज उघडलं की आधी उदबत्ती लावतो, मग हवा भरायचा पंप. या दोन श्रद्धा माझ्यात शेजारी शेजारी राहत आल्या होत्या. त्या दिवशी मावशींनी त्यांना समोरासमोर उभं केलं. एखाद्या घटनेचं कारण सापडलं, की तिथून देव उठून जातो का? आणि जात असेल, तर मी पाना हातात घेऊन कुणाचं काय हिरावून घ्यायला निघालो आहे?

आधी माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं त्या चुकीतून शिकलो. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा लक्षणं ऐकून मी टाकीतल्या पेट्रोल पंपावर बोट ठेवलं. जुना पंप तापला की दमतो, पेट्रोल चढत नाही, थंड झाला की पुन्हा ओढतो. शेकडो गाड्यांत पाहिलेलं. पंप बदलला, फिल्टर बदलला, आबांकडून पैसे घेतले. पुढच्या मंगळवारी गाडी पुन्हा त्याच कडुनिंबाखाली. ते पैसे मी परत केले, पण मावशींच्या मनातली भीती माझ्या त्या चुकीनं दुप्पट झाली होती. मिस्तरीनं नवा पंप घालूनही थांबली, म्हणजे आता शंकाच नको!

आमच्याकडे एक सर स्कूटर घेऊन यायचे. कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. कार्ब्युरेटर साफ होईपर्यंत चहा घेत बसायचे आणि मला न्यायशास्त्रातल्या गोष्टी सांगायचे. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हे सतराव्या शतकातलं, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक त्यांच्यामुळे मला माहीत झालं. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे असं म्हणता येतं, हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. पण सर म्हणायचे, खरी अक्कल पुढे आहे. हेच उलटं करून बघा. आग आहे, म्हणून धूर असणारच, असं म्हणता येईल? नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडी गोळा आठवा. त्यात आग आहे, धूर नाही. धूर निघायला नुसती आग पुरत नाही, ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला, म्हणजे मधल्या लपलेल्या अटीला, ते शास्त्र उपाधी म्हणतं.

पंप बदलूनही गाडी बंद पडली त्या रात्री मला तो लोखंडी गोळा आठवला. पंप गेला की गाडी बंद पडते, हे खरं. म्हणून बंद पडलेल्या प्रत्येक गाडीचा पंप गेलेला असतो, हे खोटं. मी धुरावरून आगीकडे जायचं सोडून आगीवरून धुराकडे गेलो होतो. आणि मावशी तरी दुसरं काय करत होत्या? देवी कोपली तर वाट अडेल, असं क्षणभर धरू. तेवढ्यावरून अडलेली प्रत्येक वाट देवीच्या कोपानंच अडली असं होत नाही. आमच्या दोघांची चूक एकाच साच्यातली होती. त्यांनी देवीचं नाव घेतलं होतं, मी पंपाचं. माझं नाव विज्ञानातलं होतं म्हणून माझी चूक मोठ्या मानाची ठरत नव्हती.

त्या शास्त्रात कुंभाराच्या गाढवाचीही गोष्ट येते. घडा घडण्याआधी माती आणणारं गाढव तिथे असतं. पण घड्याचं कारण म्हणून चाक, काठी, माती, कुंभार मोजतात, गाढव मोजत नाहीत. माती दुसऱ्या कशावरून आणली तरी घडा होतोच. आधी हजर असणं आणि कारण असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. प्रत्येक वेळी हजर असलेल्यांतलं गाढव कोणतं आणि चाक कोणतं, हे ओळखणं म्हणजेच बिघाड शोधणं. आमच्या गाडीच्या बाबतीत प्रत्येक वेळी तीन गोष्टी हजर होत्या: ती जागा, मावशी आणि दुपारचं ऊन. तिन्ही सुट्या करायच्या होत्या.

गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. पडदा कोरा, एकही बिघाड नोंदलेला नाही. नवीन पोरं इथे फसतात. स्कॅनरला दिसलं नाही म्हणजे बिघाड नाही, असं धरून गाडी परत देतात. न दिसणं हाही पुरावा असतो, पण दिसण्याजोगी वस्तू असेल तेव्हाच. टेबलावर घडा नाही हे डोळ्यांनी कळतं, कारण असता तर दिसला असता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. इंजिन थंड असताना, गॅरेजात, उभ्या गाडीला लावलेला माझा स्कॅनर अंधाऱ्या खोलीत बघत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी एकटा निघालो. यावल मागे पडलं, कडुनिंब मागे पडला, किनगाव गेलं, थेट आडगावच्या फाट्याला जाऊन वळलो. गाडी एकदाही अडखळली नाही. मी आनंदानं आबांच्या घरी गेलो आणि सांगितलं, जागेत काही नाही. मावशी शांतपणे म्हणाल्या, "तू गेला, तुले कामून अडवीन ती? नवस माझा व्हय."

त्यांचं उत्तर बिनतोड होतं. मी नुसती जागा तपासली होती, मावशींना तपासात घेतलंच नव्हतं. माझ्या लक्षात आलं की दुसऱ्याची श्रद्धा खोडायला निघालेला माणूस बहुतेक वेळा त्या श्रद्धेचं खरं म्हणणंच ऐकून घेत नाही. मी म्हणालो, "मावशी, उद्या दुपारी तुम्ही दोघं माझ्यासोबत चला. मनुदेवीकडे नाही. रावेरकडे."

भर दुपारी निघालो. मी चालवायला, आबा शेजारी, मावशी मागे. सावदा, वाघोदा, विवरा, दोन्ही बाजूंना केळी आणि वर पांढरं आभाळ. मी नजर रस्त्यावर कमी आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या आरपीएमच्या काट्यावर जास्त ठेवली होती. रावेर ओलांडून बऱ्हाणपूरच्या वाटेला लागलो. निघून पाऊण तास होत आला होता. आणि गाडी बंद पडली.

त्या वेळी जे दिसलं ते सविस्तर सांगतो, कारण सगळा उलगडा त्या दोन-तीन सेकंदांत आहे. इंजिन बंद झालं तेव्हा गाडी वेगात होती आणि मी क्लच दाबला नव्हता. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच होती, म्हणजे चाकं इंजिनाला ओढून फिरवत होती. इंजिन फिरत होतं. तरी आरपीएमचा काटा एका झटक्यात शून्यावर पडला. पेट्रोल संपलं असतं किंवा पंप दमला असता तर गाडीनं आधी आचके दिले असते आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. इथे इंजिन फिरत होतं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटत होतं की ते थांबलं आहे. म्हणजे आंधळा झाला होता तो कॉम्प्युटर. इंजिन फिरतंय हे त्याला सांगणारा डोळा मिटला होता.

त्या डोळ्याला क्रँक सेन्सर म्हणतात. अंगठ्याएवढा असतो, इंजिनाच्या अंगाला, दातेरी चाकासमोर बसवलेला. आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. समोरून एकेक दात गेला की तारेत विजेची एकेक लहर उठते. त्या लहरी मोजून कॉम्प्युटर ठरवतो की ठिणगी केव्हा द्यायची, पेट्रोल केव्हा सोडायचं. लहर थांबली की दोन्ही बंद. तार आत कुठे पिचली असेल तर थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. पाऊण तास इंजिन तापलं, वरून 44 अंशांचं ऊन, की सगळं प्रसरण पावतं, टोकं सुटतात. निवलं की पुन्हा टेकतात. मी मीटर लावला. तार अखंड असती तर त्यानं काहीशे ओहम दाखवले असते. त्यानं काहीच दाखवलं नाही, तार तुटलेली.

मावशी उतरून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना बोटानं तो सेन्सर दाखवला आणि त्यांच्याच हातातली पाण्याची बाटली मागितली. थोडं थोडं पाणी त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यावर ओतत राहिलो. वाफ निघाली, मग निघायची थांबली. मीटरवर आकडा उमटला. आबांना म्हटलं, सेल्फ मारा. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

मावशींनी आजूबाजूला पाहिलं. केळीचे बाग, दूरवर एक ट्रॅक्टर. ना देऊळ, ना कडुनिंब. "म्हणजे इथी बी बंद पडते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, एवढ्या उन्हात पाऊण तास कुठेही न्या, बंद पडेल. एरवी तुम्ही सावद्याला जाता, शेतात जाता, तेवढ्यात ती तापत नाही. एवढं लांब तुम्ही फक्त देवीकडेच जाता." जागा हे गाढव होतं. मावशींचं गाडीत असणं हेही गाढवच होतं. चाक फिरवत होती ती उष्णता.

वैशेषिक दर्शनाची एक गोष्ट सरांनी सांगितली होती, ती मला त्या रस्त्याच्या कडेला आठवली. ते दर्शन मांडणाऱ्या कणादांनी पाहिलं की सुई लोहचुंबकाकडे धावते, ज्वाळा वर जाते, वारा आडवा वाहतो. ढकलणारं कुणी दिसत नाही. या हालचालींना त्यांनी 'अदृष्ट' हे कारण दिलं. अदृष्ट म्हणजे जे दिसलेलं नाही ते. पुढे त्या शब्दाचा अर्थ पाप-पुण्याचा साठा, दैव, असा रुळला. मला मूळ शब्दातला प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. कारण आहे, पण ते अजून दिसलेलं नाही, एवढंच त्यात आहे. सुईला ओढणारा तोच लोहचुंबक आज माझ्या हातातल्या सेन्सरच्या पोटात बसलेला होता आणि त्याच्याभोवतीची तार मी मीटरवर तपासत होतो. कधीकाळचं अदृष्ट असं दृष्ट होत जातं. म्हणून जे आज दिसत नाही त्याला घाईनं देवाचं नाव देऊ नये असं मला वाटतं. त्यात देवाचा मान नाही. माझा स्कॅनर जिथे कोरा राहतो तेवढ्याच जागेत देवाला बसवलं, तर दर नव्या सेन्सरबरोबर त्याला जागा खाली करावी लागेल. ज्याच्या भरवशावर माणसं जगतात तो असा भाडेकरू नसावा.

न दिसणारं कारण जाऊन बघण्याची एक गोष्ट आमच्या गावात लहानपणापासून ऐकत आलो. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साध्या साहित्यातून टिळकनगर ही अधिवेशनाची नगरी सजवली. झेंडा वर चढवताना तो मध्येच अडकला, आणि गर्दीतला एक तरुण सरसर खांबावर चढला आणि त्यानं झेंडा मोकळा केला, असं आमच्याकडे अजून सांगतात. खाली हजारो माणसं होती. अपशकुन म्हणायला त्याहून चांगला प्रसंग कुठला? पण एक पोरगा वर चढून बघायला गेला. बिघाडाकडे जाणं म्हणजे हेच, खाली उभं राहून अर्थ न लावता वर चढणं.

त्याच अधिवेशनाला गांधीजीही आले होते. त्याआधी तीन वर्षांच्या आतली गोष्ट. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं ते म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांना ते पटलं नाही. निसर्गातल्या घटनेची कारणं निसर्गातच शोधावीत, असं त्यांनी जाहीरपणे मांडलं. गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला आणि स्वतः मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

या वादाकडे मी मिस्तरीच्या नजरेनं बघतो. भूकंपाच्या कारणाबद्दल रवींद्रनाथ बरोबर होते. जमीन हलली ती तिच्या पोटातल्या ताणानं, आणि त्यात ज्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली तीही माणसं गाडली गेली. पण अस्पृश्यता पाप आहे, या बाबतीत गांधीजी शंभर टक्के बरोबर होते, आणि रवींद्रनाथांनाही ते मान्य होतं. मग गांधीजींची चूक कुठे? एका खऱ्या ऋणाला त्यांनी खोटा साक्षीदार आणला. अस्पृश्यता पाप ठरायला भूकंपाची गरज नव्हती. जमीन एक इंचही हलली नसती तरी ते पाप तेवढंच होतं. आणि साक्षीदार खोटा निघाला की लोक ऋणच नाकारू लागतात, हा त्यातला मोठा धोका.

रावेरहून परतताना मावशींनी मागच्या सीटवरून विचारलेला प्रश्न नेमका हाच होता. "मंग मिस्तरी, देवीचा राग नव्हता त?" मी बराच वेळ गप्प राहिलो. सेन्सरनं मला गाडीबद्दल सांगितलं होतं. देवीच्या मनाबद्दल तो काही सांगू शकत नव्हता, आणि तो सांगतोय असं भासवणं हा लबाडीचा धंदा झाला असता. शेवटी एवढंच म्हणालो, "मावशी, गाडी तार तुटल्यानं थांबत होती. नवस तुम्ही बोलला होता तो बोललेलाच आहे. गाडी दुरुस्त झाली म्हणून तो फिटत नाही, आणि बंद पडली म्हणून तो वाढलाही नव्हता."

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, निदान मला पुरेल एवढं. कारण सापडलं की देव उठून जात नाही, भीती उठून जाते. देव आणि भीती इतका काळ एकाच पाटावर बसलेली असतात, की एक उठली तर दोन्ही गेली असं वाटतं. पाट रिकामा होत नाही. नातू बरा झाला तेव्हा मावशींच्या मनात जे भरून आलं होतं, ते कुठल्याही मीटरवर उमटलं नसतं आणि कुठल्याही सेन्सरनं खोटं ठरलं नसतं. ते गाडीच्या आधी होतं. गाडीनं त्याच्यावर भीतीचं पुट चढवलं, आणि पाण्याच्या बाटलीनं ते धुतलं गेलं.

नवा सेन्सर बसवला. पुढच्या मंगळवारी ते दोघं निघाले. मी म्हटलं होतं पहाटे जा, मावशी ऐकेनात. भर दुपारीच निघायचं म्हणाल्या. संध्याकाळी आबा गाडी घेऊन थेट गॅरेजवर आले. मावशींनी माझ्या हातावर नारळाचा तुकडा आणि मांड्याचा प्रसाद ठेवला. पुरणाचा वास अजून ताजा होता.

"बंद पडली का कुठे?" मी विचारलं.

"नही पडली," आबा म्हणाले. "पन हिनं थांबवली. त्याच निंबाखाली."

मी मावशींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "इतके दिस गाडी थांबे. आज मी थांबले. घटकाभर उभी राह्यले, हात जोडले अन् म्हटलं, चला आता."

त्या दिवशी मावशी दोन्ही वेळा जेवल्या, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवानं सांगितलं. तो सायकलच्या चाकात हवा भरायला आला होता.